दारूच्या जागी गोळी चालेल का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, डिचोली तालुक्यातला. वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. चारचौघांत बोलायची वेळ आली की छाती धडधडते, तळहात ओले होतात, आवाज घशातच अडकतो. शाळेपासून असंच आहे. कॉलेजात असताना पहिल्यांदा बिअर घेतली आणि वाटलं, हेच आपलं औषध. आता ऑफिसची पार्टी असो, कुणाचं लग्न असो, ऑडिटला आलेल्या लोकांबरोबरचं जेवण असो, आधी गाडीतच दोन पेग मारतो आणि मग आत जातो. गेल्या वर्षभरात दोनाचे तीन झालेत. दारू मला आवडते असंही नाही. वास नको, दुसऱ्या दिवशीचं डोकं नको. चवथीला तर पंचाईतच होते. वाड्यावर घरोघर आरत्या फिरतात, तिथे पिऊन जाता येत नाही. दोन वर्षं ‘नाइट शिफ्ट आहे’ सांगून टाळलं. मध्यंतरी एका मित्राने अल्प्राझोलामची पट्टी दिली. एका जेवणाआधी अर्धी गोळी घेतली, अगदी हवं तसं झालं. नेटवर प्रेगाबालिन, फेनिबट, कावा अशी नावं वाचतो. मी या धंद्यातलाच माणूस आहे, उपदेश नको. दारूसारखं काम करणारी पण दारूपेक्षा सुरक्षित अशी गोळी कुठली, तेवढं सांगा. घरचे लग्नाचं बघतायत. मुलीकडे हे बोलावं का?
एक वाचक, डिचोली

उत्तर : उपदेश नको म्हणालात, तर सरळ उत्तर आधी देतो. अर्ध्या तासात भीती उतरवणारं, हवं तेव्हा घेता येणारं आणि तरीही दारूपेक्षा सुरक्षित, असं औषध आज कुठल्याही फार्मसीत मिळत नाही. लगेच काम करणारी बहुतेक औषधं दारूचीच सख्खी-चुलत भावंडं आहेत. सुरक्षित म्हणावीत अशी औषधं आहेत, चांगली आहेत, पण ती कार्यक्रमाच्या आधी खिशातून काढून घ्यायची नसतात. रोज सकाळी चहानंतर घ्यायची आणि विसरून जायचं. तुम्हाला हवी आहे खिशातली गोळी. माझं म्हणणं असं की तिचा शोध थांबवलात तरच तुमचं काम होईल.

त्याआधी एक गोष्ट, जी पत्रात नाही. पार्टीआधीचे पेग तुम्ही मोजून सांगितलेत, पण एरवीचं काय? रोज घेता का? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घाम येतो का, थोडी घेतली की बरं वाटतं का? यातलं काही ‘हो’ असेल तर हे वाचून जोशात दारू एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे दोन-तीन दिवसांत भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. असं सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवं, कधी दवाखान्यात दाखल होऊनसुद्धा. तुमची दारू खरोखर कार्यक्रमांपुरतीच असेल तर हा धोका नाही, आणि पुढचं सगळं तसं धरून लिहितो.

आता अर्ध्या गोळीने ‘अगदी हवं तसं’ का झालं ते बघू. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, गाडीच्या ब्रेकसारखं. दारू त्या ब्रेकवर पाय ठेवते आणि वर ग्लुटामेट नावाचा ॲक्सिलरेटरही सैल करते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी मंडळी त्याच गाबाच्या दारातून आत शिरतात. तुम्हाला ओळखीचं वाटलं, कारण ते ओळखीचंच होतं. वास येत नाही एवढाच फरक. मेंदूला मात्र हा बाहेरचा ब्रेक चालत नाही. तो आपला ब्रेक ढिला करून हिशोब जुळवतो. म्हणून पिऊन झोपलेला माणूस पहाटे चारला छाती धडधडत जागा होतो आणि काल आपण काय बोललो ते उगाळत बसतो. तो निव्वळ पश्चात्ताप नसतो, त्यात बराच भाग रसायनाचा असतो. म्हणूनच दोनाचे तीन होतात, अर्ध्या गोळीची एक होते, आणि अल्प्राझोलामचा असर लवकर उतरत असल्यामुळे तिथे हे आणखी भराभर होतं. गोळी आणि पेग एकाच संध्याकाळी पोटात गेले तर श्वास मंदावतो. कधी माणूस उठतच नाही. पत्रात तुम्ही त्या जेवणाआधी गोळी घेतल्याचं लिहिलंय, जेवणात काही घेतलं का ते लिहिलेलं नाही. मला काळजी त्याची आहे.

बाकी तुम्ही क्वालिटी कंट्रोलमधले, तेव्हा हे तुम्हाला सांगायला नको होतं : अल्प्राझोलाम १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या यादीत आहे. फार्मसीवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. मित्राच्या खिशातून आलेली पट्टी कुठल्या रजिस्टरमध्ये आहे? बॅच रेकॉर्ड नसलेला माल तुम्ही लॅबमधून बाहेर सोडला असता का?

नेटवरची नावं एकेक करून घेऊ. प्रेगाबालिन सामाजिक भीतीवर अगदीच निरुपयोगी नाही. चाचण्यांत फायदा दिसला, पण तो ४५० ते ६०० मिलिग्रॅमसारख्या भारी डोसला. एवढ्या डोसला गुंगी, झोक जाणं, वजन वाढणं हे सगळं ठरलेलं, आणि दारू पिणाऱ्याच्या हातात ते द्यायला आम्ही डॉक्टर कचरतो. ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये गैरवापरामुळेच ते नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं. आपल्याकडे नसांच्या दुखण्यासाठी ते मिथाइलकोबालामिन या बी-१२ जीवनसत्त्वाबरोबर सर्रास लिहिलं जातं, म्हणून लोकांना ते जीवनसत्त्वासारखं निरुपद्रवी वाटतं. फेनिबट सोव्हिएत काळातलं औषध, आता पूड म्हणून ऑनलाइन विकलं जातं. चार दिवस लागोपाठ घेतलं की सोडताना जीव काढतं. त्याच्या वाटेला जाऊ नका, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. कावा हे फिजी, वानुआतूकडचं मूळ, तिथे ते पाण्यात कालवून समारंभाने पितात. भीती थोडी उतरते हे खरं. पण यकृत बिघडल्याच्या तक्रारींमुळे जर्मनीने २००२ मध्ये त्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने ती उठवली, तरी वर्षानुवर्षं दारू पचवणाऱ्या यकृतावर हा प्रयोग कशाला? अश्वगंधेबद्दलही अनेक जण विचारतात. ताणावर थोडा गुण येतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसतं, चारचौघांत बोलायच्या भीतीवर मात्र भरवसा ठेवावा असं काही नाही, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही आहेत. किनारपट्टीवर रात्री काय काय मिळतं ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. गांजाने पुष्कळांची ही भीती वाढते, आणि बाकीच्या वस्तूंच्या पुडीत नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. १९८५चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा वेगळाच.

तुमच्या मनात जे आहे ते शास्त्रज्ञांच्याही मनात आहे, हेही सांगून टाकतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले प्राध्यापक डेव्हिड नट अनेक वर्षं अशा रेणूच्या मागे आहेत, जो दारूची गंमत देईल आणि यकृत, डोकं, व्यसन यांचा त्रास देणार नाही. मला स्वतःला त्यात फारशी आशा वाटत नाही. जी गोष्ट भीती लगेच आणि खात्रीने उतरवते, तिच्यावर भित्रा माणूस टेकणारच. रेणू कितीही शुद्ध असला तरी टेकण्याची सवय तीच राहते.

एक खिशातली गोळी मात्र मी काही जणांना लिहून देतो, तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं, कारण तुमच्या मित्रांपैकी कुणीतरी तीही सुचवणारच. प्रोप्रानोलोल. सर जेम्स ब्लॅक यांनी हे हृदयविकारासाठी शोधलं, १९८८च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. ॲड्रिनलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा मारा ते अडवतं. भीती मनात राहते, पण धडधड आणि हातांची थरथर कमी होते. भाषण, प्रेझेंटेशन, गाण्याचा कार्यक्रम अशा ठरावीक वेळेच्या प्रसंगाआधी साधारण तासभर १० ते ४० मिलिग्रॅममधला एखादा छोटा डोस देतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदांतले कलाकार ते सर्रास घेतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच गोळीपायी परत घेतली गेली, कारण न थरथरणारा हात नेमबाजीत डोपिंग ठरतो.

पण ऐका. दम्याच्या माणसाने ती घेतली तर श्वासनलिका आवळल्या जातात, गोव्याच्या दमट हवेत दमेकरी कमी नाहीत. नाडी मुळात मंद असेल, हृदयाच्या विजेच्या वहनात अडथळा असेल तर ती नको. इन्सुलिनवर असलेल्याची साखर उतरली तर एरवी धडधडून जी सूचना मिळते, ती मिळत नाही. एकीने भागलं नाही म्हणून चार घेतल्या तर ती धोकादायक होते. दारूबरोबर चक्कर येऊन माणूस पडतो. आणि सगळ्यात मोठी अडचण तुमच्यासारख्यांची : तुमची भीती पंधरा मिनिटांच्या प्रेझेंटेशनची नाही. तीन तासांच्या जेवणात शेजाऱ्याशी काय बोलायचं याची आहे. तिथे प्रोप्रानोलोलचा उपयोग जवळजवळ शून्य. ऑडिटरांसमोर उभं राहून बोलायचं असेल त्या दिवसापुरती, डॉक्टरांनी नाडी-रक्तदाब बघून लिहून दिली, आणि सुट्टीच्या दिवशी घरी एकदा घेऊन बघितली, तर माझी हरकत नाही.

आता चहानंतरच्या गोळीकडे येतो. पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणाऱ्या एसएसआरआय गटातली औषधं आणि त्यांच्या शेजारचं व्हेन्लाफॅक्सिन, ही सामाजिक भीतीवरची पहिल्या पसंतीची औषधं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या एका चाचणीत पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांत ठळक सुधारणा दिसली, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २४ टक्क्यांत. जादू नाही, पण फरक दुपटीहून जास्त आहे. सुरुवातीचे दोन आठवडे ही औषधं काहीच चांगलं करत नाहीत. उलट मळमळ, पोट ढिलं, अस्वस्थपणा, झोपेची घडी विस्कटणं हे आधी येतं. बहुतेक लोक इथेच सोडून देतात आणि ‘मला औषध लागू पडलं नाही’ म्हणत फिरतात. चार ते सहा आठवड्यांनी फरक दिसायला लागतो, पूर्ण अंदाज यायला तीन महिने द्यावे लागतात. तोही असा येतो की माणसाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. बायको किंवा बॉस आधी सांगतो. ‘तू परवा कॅन्टीनमध्ये स्वतःहून बोललास.’ पेगसारखी ऊब नाही, हवा नाही, किक नाही. तुम्हाला ती सुरुवातीला फारच फिकी वाटेल, याची तयारी ठेवा.

बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायची, आणि सोडायची तीही डॉक्टरांना विचारून, डोस पायरीपायरीने उतरवत. पंचवीसच्या आतल्या वाचकांना सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढल्यासारखे वाटले तर लगेच डॉक्टरांना गाठावं. दुखण्यावरच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर तेही सांगा, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

इथे बरेच डॉक्टर थांबतात. पण साउथ कॅरोलिनातल्या संशोधकांनी २००८ साली तुमच्यासारख्यांचाच अभ्यास केला. सामाजिक भीती आणि तिच्यासाठी दारू, दोन्ही असलेल्यांना पॅरोक्सेटिन दिलं. भीती कमी झाली. लोक म्हणाले, आता चारचौघांत जायला दारूची गरज तेवढी वाटत नाही. आणि तरीही प्यायचं प्रमाण काही कमी झालं नाही. सवय ही भीतीच्या पोटी जन्मली तरी पुढे स्वतःच्या पायावर उभी राहते. म्हणून दारूकडे वेगळं बघावं लागतं. नाल्ट्रेक्सोनसारखं औषध पिण्यातली मजा कमी करतं, त्याचा भीतीशी संबंध नाही, आणि यकृताची तपासणी करूनच ते सुरू करतात. डायसल्फिराम हे वर दारू प्यायल्यास त्रास देणारं औषध, पण ते घरच्यांनी आमटीत गुपचूप मिसळायचं नव्हे. असे प्रकार होतात म्हणून लिहितो. न सांगता दिलं आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

तुमच्या ‘हेच आपलं औषध’ या वाक्यावर मला जरा रेंगाळायचंय. लोकांना दारू म्हणून बिनदारूचं पेय देऊन बघण्याचे प्रयोग झालेले आहेत, आणि त्यात दिसतं की धीराचा बराचसा वाटा ‘आपण घेतली आहे’ या खात्रीतून येतो. सगळा नव्हे, पण बराचसा. गोंयकाराला याचं नवल वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. रोज हजारो लोक बघतात आणि पुढे जातात. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या पाद्रीबद्दल आख्यायिका अशी, की लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा तो थाट बघून त्याची वाचाच बसली. तेव्हा मागे बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. पुढे पॅरिसला त्याने मोहिनीविद्या दाखवली आणि त्या काळच्या मोठमोठ्या लोकांच्या विरोधात जाऊन सांगितलं की झोप आणणारी शक्ती माझ्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे. पणजीच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचं नाव होतं, ते काही उगाच नव्हे.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, समोरच्यांना भाजी समजा. माझा अनुभव वेगळा. तसं समजायला गेलं तर माणूस भाजीच मोजत बसतो. वडिलांच्या वाक्याने झालं ते दुसरंच : मुलाचं लक्ष स्वतःच्या घशावरून उडालं. सामाजिक भीतीवरची जी बोलण्याची उपचारपद्धती आज सगळ्यांत भक्कम मानली जाते, ती डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या १९९५च्या मांडणीवर उभी आहे, आणि तिचा गाभा हाच आहे. भीतीच्या क्षणी माणूस समोरच्याकडे बघत नाही, स्वतःला बघतो. हात किती हलतोय, आवाज कसा येतोय. आणि ते लपवायला छोट्या छोट्या युक्त्या करतो : ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरणं, वाक्य मनात तीनदा घोळवणं, फोनमध्ये बघत राहणं. युक्तीमुळे वेळ निभावते, पण ‘युक्ती नसती तर काय झालं असतं’ हे कधी कळतच नाही. गाडीतले पेग ही तुमची सर्वांत मोठी युक्ती. अर्धी गोळी ही तिचीच धुतलेली आवृत्ती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये या भीतीसाठी गोळ्यांच्याही आधी ही वैयक्तिक उपचारपद्धती सुचवली, ते यामुळेच.

तुमच्या बाबतीत हे काम मी चवथीच्या आरतीपासून सुरू करीन. पार्टी नको, आरतीच. तिथे दारू मुळात नाही, बोलायला लागत नाही, शब्द पाठ आहेत, आणि घुमट, तो मातीचा ढोल, इतका मोठ्याने वाजतो की तुमचा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. आता बघा, झांज हातात आली की तुम्ही काय करता. मला वाटतं, ती छातीशी धरता, कोपरं अंगाला चिकटवता, म्हणजे थरथर दिसू नये. त्यामुळे हात आखडतो आणि जास्त थरथरतो. पहिल्या घरी झांज न घेता नुसत्या टाळ्या. दुसऱ्या घरी झांज, पण कोपरं मोकळी, आणि डोळे घुमट वाजवणाऱ्याच्या बोटांवर. तो कुठली बोटं कशी मारतो ते खरोखर बघायचं, नंतर मला सांगायचं आहे असं समजून. चुलतभावाला फोनवर दोन मिनिटं चित्रित करायला सांगा. बघायच्या आधी कागदावर लिहा : ‘माझे हात इतके हलताना दिसतील.’ मग व्हिडिओ लावा. आतून जाणवणारी थरथर बाहेर दिसणाऱ्या थरथरीपेक्षा फार मोठी असते, हे ऐकून कुणाला पटत नाही, बघितल्यावर पटतं. चवथ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येते. औषध घ्यायचंच असेल तर त्याला लागणारे सहा-आठ आठवडे मोजून जुलै उजाडताच डॉक्टरांकडे जा.

ऑफिसच्या जेवणांचं त्यानंतर बघू. तोवर दोन गोष्टी. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. भरलेल्या हॉलमध्ये शिरणं तुमच्यासारख्याला सर्वांत जड जातं, रिकाम्या हॉलमध्ये एकेक माणूस येत गेला तर तेवढं जात नाही. आणि ग्लासात लिंबू सोडा. गोव्यात ‘घेत नाही’ म्हटलं की दोनदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, सगळे आपापल्या ग्लासात असतात. ज्या दिवशी घ्यालच, त्या दिवशी गाडी चालवू नका. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, तीन पेगांनंतर तुम्ही तिच्या बरेच वर असता, आणि पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुठे जायचं? बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) शेजारी मनोचिकित्सा आणि मानवी वर्तन संस्था आहे, आयपीएचबी. ‘तिथे गेलो तर लोक काय म्हणतील’ हा विचार तुमच्या मनात आलाच असणार, तोही याच आजाराचा भाग. ओपीडीत बसलेले निम्मे लोक तुमच्यासारखेच डोकं खाली घालून बसलेले असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. बांबोळी नकोच असेल तर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आणि आपल्या भाषेत. आणि दारूच्या भागासाठी फार मोठं काहीतरी लागतं असं समजू नका. ‘संगत’ या आपल्याच गोव्यातल्या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, फक्त प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चार बैठकींपर्यंत बोलणी केली. तीन महिन्यांनी त्यांच्या गटात ४२ टक्के लोक आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात प्यायले नव्हते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १८ टक्के. त्यात तुमच्याच तालुक्यासारख्या ठिकाणचे लोक होते.

राहिला लग्नाचा प्रश्न. सांगा, पण तुम्ही स्वतः सांगा, साखरपुड्याच्या आधी, आणि फक्त तिला. आतेमावश्यांच्या तोंडून गेलं तर ‘मुलगा गोळ्या खातो’ एवढंच पोचेल. तिला नीट सांगायचं : चारचौघांत मला भीती वाटते, त्यासाठी पीत होतो, आता उपचार घेतोय. या औषधांनी पुरुषांत इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर लागणं हे बरेचदा होतं. लाज वाटून लोक ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि नव्या संसारात त्याचा अर्थ बायको भलताच लावते. डॉक्टरांना सांगितलंत तर डोस उतरवता येतो, औषध बदलता येतं. मुलगी बघायला जायच्या आधी ‘आता बरा आहे’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारे मी दरवर्षी बघतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडली तर काही दिवसांतच चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, आणि मग मुलीकडच्यांसमोर बसलेला माणूस आहे त्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतो. तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषध चालू ठेवूनच जा.